राखणीचं मशीन

आमच्या गावात लूट हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. तो पुस्तकात असतो, शाळेत मुलं तो परीक्षेपुरता लिहितात, पण घरात, दुकानात, चारचौघांत त्याचं नाव नाही. लढाईत खालच्या आळीतून जे जे उचलून वर आणलं गेलं, त्याला गावात म्हणतात राखण. हे कपाट कुठलं? राखणीचं. आणि हा आरसा? तोही राखणीचाच. नदीकडच्या मैदानात जुन्या सामानाचा बाजार भरतो, त्याचं नावच मुळी राखणबाजार. मी याच गावची. या शब्दाचं बाळकडूच मिळालेलं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं लग्न होईपर्यंत माझ्या मनातही आलं नाही. माझ्या माहेरी शिलाई मशीन होतं. बाबा लढाईतून परतले नाहीत, आणि आईने त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. "आमच्याकडे मशीन आहे, राखणीचं," असं मी शाळेत ऐटीत सांगायची.

माझे सासरे कुलुपं करायचे. मी त्यांना मामंजी म्हणायची, गाव त्यांना किल्लीकाका म्हणायचं. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की पायरी डोक्याला लागायची, म्हणून ते उभेच राहायचे नाहीत. लाकडी बाकाला लोखंडी पकड घट्ट बसवलेली, तिच्यात अडकवलेल्या किल्लीवर हे वाकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात कानस, मांडीवर पितळेचा भुगा. जेवायला घरी आले की सासूबाई त्यांना दारातच झटकून घ्यायच्या. "सोनाराघरी पडले असते तर या भुग्यावर माडी बांधली असती," म्हणायच्या, "आमच्या नशिबात पितळ!" मामंजी निमूट झटकून घ्यायचे. त्यांच्या तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली सासूबाईंकडे असावी, असं मला सुरुवातीला वाटायचं. पुढे कळलं की त्यांच्याकडेही नव्हती.

त्यांना एक खोड होती. कोणाच्याही घरी गेले की आधी दाराचं कुलूप हातात घेऊन बघायचे, मग माणसांची विचारपूस. आमचं लग्न आमचं आम्हीच ठरवलं होतं, मोठी माणसं नुसती चहाला एकत्र आली होती. तेव्हाही मामंजींनी आधी कुलूप तपासलं, मग आत आले, आणि माझ्याकडे न बघता सरळ खिडकीखालच्या मशीनपाशी जाऊन खाली वाकले. आईला वाटलं, चष्मा पडला. मी लगबगीने शोधायला धावले, तर चष्मा नाकावरच. "पडलं नाही काही," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला बसले. पुढे मी आमच्या ह्यांना कितीतरी दिवस चिडवलं की तुझ्या वडिलांनी मला नाही, मशीनला पसंत केलं.

आणि गंमत म्हणजे कुलुपवाल्याच्याच घराला कुलूप नव्हतं. कडी होती, कोयंडा होता, पण सगळे बाहेर गेलो तरी दार नुसतं लोटलेलं. मी नवी नवी असताना विचारलं, "चोर आला तर?" सासूबाई म्हणाल्या, "आला तर बसवून चहा पाज. तेवढंच आहे आपल्याकडे नेण्यासारखं." मामंजी दार नुसतं लोटून दुकानाला निघून गेले. म्हातारा जरा चक्रम आहे, अशी मी मनाशी नोंद केली.

दुकानात गिऱ्हाइकाच्या हाताला लागणार नाही अशा भिंतीवर खुंट्यांची एक ओळ होती. त्यांवरच्या किल्ल्या न्यायला कोणी येत नसे. दर आठवड्याला मामंजी त्या उतरवायचे, तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा जागच्या जागी टांगायचे. "कोणाच्या हो या?" असं मी एकदा विचारलं. "लोकांच्या," म्हणाले. यावर पुढे काय विचारणार, कपाळ!

एके दिवशी मी दुपारचा चहा घेऊन गेले तर दुकानात परगावचा एक माणूस बसला होता. त्याच्या बॅगेचं कुलूप अडकलं होतं. मामंजी आकड्याने ते हलकेच चाचपत होते आणि तो आपला बोलत होता. शब्द गोळा करणं हे त्याचं काम. लढाई होते तिथे लुटीला लोक आपापलं नाव देतात, म्हणाला, आणि मी ती नावं जमवत हिंडतो.

"लूट हा शब्द तसा फार जुना. पोथ्यांत लुंठन असं त्याचं भारदस्त भावंड सापडतं. पण ज्याने लुटलं त्याला तो कधीच आपला वाटत नाही. तो म्हणतो आणलं, मिळालं, सापडलं. राखण मात्र मी फक्त तुमच्याकडे ऐकला. बाजारात विचारलं तर एक म्हणाला, शिपायांनी थट्टेत काढला. चहावाला म्हणाला, त्याच्या आजोबांनी काढला. तुम्ही तर त्या वेळचे. कुठून आला हो हा शब्द?"

कुलूप उघडलं. मामंजींनी बॅग त्याच्याकडे सरकवली. "लिहा," म्हणाले, "बेवारस आहे."

तो माणूस मनापासून हसला, वाक्य आवडलं म्हणाला आणि बॅग उचलून गेला. मामंजींनी चहाला हात लावला नाही. वर साय धरली तरी नाही. मग म्हणाले, "सूनबाई, बस जरा." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मला बस असं ते पहिल्यांदा म्हणत होते. मी घाबरून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

खालची आळी नदीच्या बांधाला लागून होती. बांधावर तोफा लावायच्या म्हणून हुकूम निघाला की सकाळच्या सकाळी आळी रिकामी करा. ट्रक आले. हातात मावेल तेवढं घ्यायचं आणि चढायचं. चार दिवसांत परत येऊ, असंच सगळे धरून चालले होते. आळीतली बहुतेक कुलुपं मामंजींच्या हातची, आणि दुकान ट्रकच्या वाटेवर. धावपळीत किल्ली हरवायची, म्हणून एकेक जण दुकानापाशी थांबून किल्ली बाकावर ठेवत गेला. शेवटी आली ती शिंपीणबाई. नवरा नुकताच गेलेला, एक मूल कडेवर, एक बोटाला. ती मामंजींना दादा म्हणायची.

"दादा, मशीन तेवढं बघा. माझं तेवढंच आहे."

"निर्धास्त जा," मामंजी म्हणाले. "मी राखण करतो."

"एवढंच," मला सांगताना ते थांबले. "तिथून निघाला तो शब्द. माझ्या तोंडून."

रोज संध्याकाळी ते खालच्या आळीत जाऊन एकेक कुलूप ओढून बघायचे. एका संध्याकाळी पहिल्याच घराचं दार आडवं पडलेलं दिसलं. बंदुकीच्या दस्त्याने फोडलं होतं. कडी कोयंड्यासकट उचकटून आलेली आणि तिच्यात कुलूप तसंच लटकत होतं, बंद. एक ओरखडा नाही. "कुलूप चांगलं होतं, सूनबाई," मामंजी म्हणाले. "दार कच्चं निघालं." पुढच्या दोन दिवसांत आणखी दारं गेली. कुलुपं सगळी शाबूत.

मामंजी त्या फोडलेल्या घराच्या पायरीवर बसून विचार करत राहिले. त्यांना असं वाटलं की कुलूप म्हणजे बाहेर लावलेली पाटीच, आत काहीतरी आहे अशी. आणि वरच्या आळीत सगळी ओळखीची माणसं. दोन्ही आळ्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं, सुखदुःखाला धावणं. एका घरात एकच वस्तू दिली आणि मालक आला की परत द्या असं तोंडाने सांगितलं, तर ती जाते कुठे? जन्मभर लोखंडावर भरवसा ठेवलेल्या माणसाने एकदाच काय तो माणसांवर ठेवला. आणि नेमका तेव्हा!

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. जोड्या चुकू नयेत म्हणून प्रत्येक कुलपावर आणि त्याच्या किल्लीवर ते सारखेच ठिपके ठोकायचे. कुठे दोन, कुठे चार, कुठे मध्ये एखादी रेघ. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी खुंटीवरच्या किल्ल्या घेतल्या, उरलेली घरं स्वतः उघडली आणि प्रत्येक वस्तूवर चटकन दिसणार नाही अशा जागी त्या घराचे ठिपके ठोकले. पातेल्याच्या बुडाला, आरशाच्या मागच्या पत्र्यावर, घड्याळाच्या आत. मग एकेक वस्तू वरच्या आळीत नेऊन द्यायला लागले. बांधाच्या रस्त्यावर माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "काका, काय चाललंय?" मामंजी म्हणाले, "राखण."

दुपारपर्यंत लोक म्हणायला लागले, तुम्ही एकटे किती ओढणार, आम्हीही राखतो की! मामंजींना बरं वाटलं. मदतीला धावली माणसं, असं वाटलं. हे सांगताना ते हसले, आणि ते हसू मला बघवलं नाही. संध्याकाळपर्यंत आळीत दारं राहिली नव्हती, खिडक्यांची तावदानं राहिली नव्हती, नळाच्या तोट्यासुद्धा गेल्या. मामंजी एका दारात हात पसरून उभे राहिले. शाळेत बरोबर शिकलेला एक माणूस आला. त्याने त्यांना खांद्याला धरून सावकाश बाजूला केलं. "सर जरा, लागेल तुला," म्हणाला, आणि आत गेला.

लढाई संपल्यावर ते किल्ल्या घेऊन घरोघर फिरले. कोणी म्हणालं, फुटलं. कोणी म्हणालं, विकलं. कोणी म्हणालं, कमाल करता काका, तुम्हीच तर आणून दिलंत! एका घरी त्यांना चहा मिळाला, तो खालच्या आळीतल्या कपातून. खालची आळी पाडून तिथे लष्कराचं गोदाम झालं. लढाईने मध्ये हद्द आखली, ती बंद झाली आणि ट्रकमधून गेलेली माणसं पलीकडे राहिली. मामंजींनी घरी येऊन स्वतःच्या दाराचं कुलूप काढलं ते कायमचं.

"शिपायांनी फोडलेली दारं चार-दोन," ते म्हणाले. "बाकीची मी उघडली."

मग त्यांनी खुंटीवरची एक किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती उलटी केली. तीन ठिपके, खाली आडवी रेघ. मी अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला ते ठिपके ओळखीचे लागले. लहानपणी आई शिवत असली की मी मशीनखाली पायडलपाशी लोळायची. तिथे लोखंडी पायाच्या आतल्या बाजूला हे ठिपके होते. त्यांवर अंगठा फिरवत मी झोपी जायची. कारखान्याचा शिक्का असेल, असं मला वाटायचं.

"मामंजी, हे आमचं मशीन."

"तुमचं नाही," ते म्हणाले. "पण आहे अजून. मी राखायला दिलेल्यांपैकी तेवढं एक आहे."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या आईच्या कष्टाच्या मशीनकडे हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्याची ठेव म्हणून बघत होता, आणि आमच्याकडे चहा पीत होता. पण ते मांडीवरचा भुगा झटकत राहिले, झटकून संपला तरी. मी किल्ली परत खुंटीला लावली आणि तो गार चहा घरी घेऊन आले.

त्याच वर्षी हद्द उघडली. पलीकडची माणसं आपली जुनी जागा बघायला येऊ लागली. गोदामाच्या भिंतीपाशी थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. मामंजी दुकान सोडून जेवायलाही येईनात, मी डबा पोचवायला लागले. म्हणून ती आली तेव्हा मी तिथेच होते. पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई. जिन्याखाली वाकून म्हणाली, "दादा, ओळखलंत?"

मामंजी तिला बघून झटक्यात उभे राहिले आणि पायरी त्यांच्या डोक्याला खाडकन लागली. तसेच डोकं चोळत त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. तिने ती उजेडात धरून पाहिली. "तेल लावलंय," म्हणाली आणि डोळे पुसले. "घर बघून आले. जागाच कळली नाही कुठे होतं ते. शिपायांनी सगळं नेलं असेल ना?"

"मशीन आहे," मामंजी म्हणाले. दुसरं काही त्यांच्या तोंडून निघेना. "उद्या देतो. मशीन आहे."

मी तशीच माहेरी गेले. आई शिवत होती. शाळा उघडायच्या होत्या, गणवेशांचा ढीग पडला होता. मी सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही.

"तुझ्या सासऱ्यांनी आणून ठेवलं तेव्हा तू पोटात होतीस," ती म्हणाली. "म्हणाले, चालतं मशीन गंजत नाही, चालवा. चालवलं. लोकांनी विकून खाल्लं, मी राखलं. आता तू येऊन दे म्हणतेस. तुझं काय जातं दे म्हणायला?"

"आई, ते आपलं नाहीये."

"मला माहीत नाही होय? रोज वाकून तेल घालते मी. ते ठिपके तुझ्या आधी मी पाहिलेत." मग टीप संपली आणि तिने मान वर केली. "मी काय करू गं उद्यापासून?"

मी खाली पडलेला एक गणवेश उचलून ढिगावर ठेवला आणि निघाले. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं तर म्हणे, जुनं कशाला उकरून काढता? मी म्हटलं, उकरायला ते पुरलं कोणी होतं? मामंजी ओट्यावर बसून होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "देतील ना?" एखाद्या मुलाने विचारावं तसं. मला वाटलं, नाही म्हणाली आई तर हा माणूस यातून उठायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गेलो. शिंपीणबाई दारातच थांबली. आतून मशीनचा आवाज येत होता.

"तोच आहे आवाज," ती म्हणाली.

आई उठली नाही. गणवेशाची बाही सुईखाली होती. चाकावर हात ठेवून ती नुसती बघत राहिली. शिंपीणबाई आत आली, वाकली, मशीनच्या पायावरून हात फिरवला. किल्ली काढून ठिपक्यांना लावून पाहिली. मग माझ्या आईच्या हाताकडे पाहिलं, गणवेशांच्या ढिगाकडे पाहिलं.

"बाही अर्धी आहे," म्हणाली. "पुरी करा. अर्ध्या टिपेवरून मशीन हलवायचं नसतं."

शिंप्यांची ती रीत असावी. आईने मान हलवली आणि शिवायला लागली. बाही झाली. आईने ती उजेडात धरली, नाक मुरडलं आणि उसवली. पुन्हा टीप घातली. पुन्हा बघितली, पुन्हा उसवली. शिंपीणबाई स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. खिडकीतलं ऊन जमिनीवर उतरलं. मामंजी उंबऱ्यात उभेच, बसा म्हटलं तरी बसेनात. तिसऱ्यांदा आईने उसवायला घेतलं तेव्हा मी पुढे झाले, तर शिंपीणबाईने मला डोळ्यांनीच थांबवलं. बाहीत काही खोट नव्हती. तिघींपैकी दोघी शिवणाऱ्या होत्या, आणि तिसरी मशीनखाली वाढलेली. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

शेवटी आईने स्वतःच धागा तोडला. सुई वर घेतली, बाही घडी करून ढिगावर ठेवली आणि सांगायला लागली. बॉबिन नवी आहे, जुनी झिजली. पट्टा पावसाळी हवेत ढिला पडतो. जाड कापडाला घाई करू नका, अडतं. मुलीला सासरी पाठवताना सांगतात तसं सगळं सांगितलं. माझ्या वेळी एवढं सांगितलं नव्हतं.

"बाई," शिंपीणबाई म्हणाली, "मीसुद्धा एवढं जपलं नव्हतं."

मामंजींनी हातगाडी आणली होती. मी ढकलते म्हटलं तर ऐकेनात. मशीनला चादर बांधून आम्ही वरच्या आळीतून निघालो, बस जिथे थांबते तिकडे. मामंजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मान ताठ. येणाऱ्याजाणाऱ्याकडे सरळ बघत होते. आणि गच्चीवरून कोणीतरी हाक मारली,

"काय किल्लीकाका! या वयात राखण?"

वरची बाया-माणसं खळखळून हसली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, थट्टाच ती. शिंपीणबाई थांबली. "काल बाजारातही हेच ऐकलं," म्हणाली. "राखणबाजार म्हणे. दादा, तुम्ही म्हणाला होतात तो शब्द ना हा?"

मामंजींनी तिला खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. मी तर मनातून म्हणत होते, गप्प बसा, आजच कशाला तोंडाचं कुलूप काढता! पण त्यांनी भर रस्त्यात, गाडीचा दांडा हातात धरून, मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. शिपायांनी किती दारं फोडली, आपण किती उघडली. कोण कसं आलं. वर गच्चीवरचं हसणं थांबलं.

शिंपीणबाईने मशीनवरची चादर नीट केली. मग अगदी हळू म्हणाली, "इतकी वर्षं मी शिपायांना शिव्या घातल्या. मुलांना सांगितलं, शिपायांनी लुटलं. आता काय सांगू? की ओळखीच्या माणसांनी नेलं? आमच्याच किल्लीने?"

मामंजी खाली बघत होते.

"मी कुलूप लावून गेले होते, दादा."

"हो," मामंजी म्हणाले.

तिने गाडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती बसपर्यंत नेली. मशीन टपावर चढवायला तिने त्यांना हात लावू दिला. निघताना वाकून नमस्कारही केला. पण किल्ली तिने त्यांच्या हातात परत ठेवली. बस गेल्यावर मामंजी तिथेच उभे राहिले, आणि मी रिकामी गाडी ढकलत त्यांना घरी आणलं.

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, पण म्हातारा खचला. दुकानात जायचे, कानस हातात घ्यायचे, पकडीत काही अडकवायचेच नाहीत. किल्ल्या मात्र पुसायचे. तीन ठिपक्यांची होती त्याच खुंटीवर परत लागली. इकडे आई हाताने शिवायला लागली. मोठी कामं गेली, बटणं, काजं, फाटकं-तुटकं एवढं राहिलं. खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे डाग होते, तिथे ती काही ठेवू देत नव्हती. मला तिच्याकडे जायचं जिवावर यायचं, आणि गेल्याशिवाय राहवायचं नाही.

एकदा आई कात्रीला धार लावून घ्यायला मामंजींच्या दुकानात आली होती. मीही होते. तेवढ्यात राखणबाजारातला एक दलाल जिन्यावरून उतरता उतरता थांबला. बिचारा भल्यासाठीच बोलत होता.

"बरं झालं भेटलात. बाजारात एक मशीन आलंय, अगदी झकास, चाक हात लावताच फिरतं. सांगत असाल तर तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. राखणीचं आहे."

आईला मशीनची किती गरज होती ते मला ठाऊक होतं. तिची बोटं सुईने चाळणी झाली होती. तिने कात्री पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड आवळलं.

"नको," म्हणाली. "लुटीचं मला नको."

दलाल गोरामोरा झाला आणि जिना उतरून गेला. मी आईकडे बघतच राहिले. उभ्या जन्मात हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता, गावात कोणाच्याच नाही. मामंजींनी मान वर केली नाही.

"विहीणबाई," ते म्हणाले, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

आई ओशाळली. तिला वाटलं, त्यांना लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि हळू आवाजात पुन्हा म्हणाली, "लुटीचं."

मामंजींनी कानस बाकावर ठेवली, चष्मा काढला आणि रडायला लागले. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. त्यांना उगी राहा असं कोणी म्हटलं नाही.